डाव्या हाताचा चरखा

चरखा घ्यायला धाकटी एकटीच निघाली, आणि जिना उतरताना तिला चोरी करून पळाल्यासारखं वाटत होतं. थोरल्या जावेने बजावून ठेवलं होतं, "विकतचा कशाला? माझा जुना आहे की. आणि त्या मिस्त्रीकडे तर फिरकूही नकोस, ओलं लाकूड गळ्यात मारतो." थोरलीचा शब्द धाकटीने आजवर खाली पडू दिला नव्हता. जावा-जावांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य असतं म्हणतात. या दोघींचं मात्र असं सूत जमलं होतं की शेजारणींना बोलायला काही विषयच उरला नव्हता.

आणि ते जमलं होतं सुतामुळेच. लग्न होऊन आली तेव्हा थोरलीनेच तिच्या हातात टकळी दिली. धाकटी डावखुरी. तिची टकळी उलटी फिरायची, त्यामुळे लोकरीच्या धाग्याला पीळही पडायचा जगाच्या उलटा. पहिली लडी थोरली स्वतःच मास्तर विणकरांना दाखवायला घेऊन गेली, आणि परत आल्यावर बराच वेळ तिच्याकडे न बघता भांडी लावत बसली. मग म्हणाली, "नाही घेतली गं. उलटा पीळ कोण घेणार? तुझा हात बसला नाही अजून. पण तू सोडू नकोस, कातत राहा."

सहा वर्षं धाकटी कातत राहिली. थोरली दर आठवड्याला आपलं सूत पोचवायला जायची, सोबत हिच्याही लड्या न्यायची, आणि दारातूनच मान हलवायची. "बसेल हात, बसेल." वर त्या नापास सुताची तिने धाकटीला उशी करून दिली होती. दरवर्षी उसवून तीत आणखी भर घालायची. "तुझे कष्ट वाया कशाला घालवायचे? डोक्याखाली घे." सख्खी बहीण तरी इतकी माया करेल का, असं धाकटी माहेरी सांगत सुटायची. त्या उशीवर तिला झोपही छान लागायची.

थोरलीच्या जुन्या चरख्याचं मात्र दोन वर्षं नुसतं आजचं उद्यावर चाललं होतं. कधी त्याच्या चाकावरची माळ तुटलेली, कधी सूत गुंडाळायची चाती वाकलेली. धाकटीच्या मनाने घेतलं होतं की चरख्यावर बसलं, उजव्या हाताने चाक फिरवायची सवय केली, की पीळही सरळ पडेल. मास्तरांनी एकदा, फक्त एकदा, आपली लडी ठेवून घ्यावी, एवढीच तिची आस होती.

मिस्त्री म्हातारा होता आणि बोलका होता. लाकूड ओलं वगैरे काही नव्हतं. दोन दोन वर्षं सुकवलेल्या फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. "पहिलाच ना? मग रंगरूप बघू नका," तो म्हणाला. "चाकाला एक झोका द्या आणि हात काढून घ्या. बोलत नाही, डुलत नाही, आणि बराच वेळ थांबत नाही, तो चरखा चांगला. माणसांचं उलट असतं, पण जाऊ द्या."

धाकटीने तीन चरख्यांना झोके दिले. मधला आवडला म्हणून त्याच्यापुढे बसली. उजव्या हाताने मूठ धरली, डाव्याने लोकर ओढली, आणि धागा तुटला. पुन्हा लावला, पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा तुटल्यावर तिचे कान तापले. आपल्याला अगदीच काही येत नाही असं म्हाताऱ्याला वाटू नये म्हणून तिने पिशवीतली टकळी काढली आणि हातभर धागा झरकन कातून दाखवला.

मिस्त्रीने तो धागा घेतला, ताण सैल सोडला आणि पीळ कुठल्या बाजूचा ते बघायला त्याला आपोआप वळू दिलं. "डावा पीळ!" तो एवढ्यांदा ओरडला की ती दचकली. "म्हणजे त्या बाईंकडून शिकलात तुम्ही?"

"कुठल्या बाई?"

उत्तराऐवजी त्याने कोपऱ्यातल्या एका वस्तूवरची चादर ओढली. खाली चरखा होता, पण आरशात बघावा तसा उलटा. मूठ डावीकडे, चाती उजवीकडे. "मास्तरांनी करून घेतलाय त्यांच्यासाठी. सरळ आणि उलट्या पिळाचा धागा शेजारी शेजारी विणला की कापडात सावलीसारखे पट्टे उठतात, रंगाचं बोटही लावावं लागत नाही. मास्तरांच्या शाली त्यावरच नावाजल्या. असं सूत कातणारी बाई एकच, सहा वर्षं झाली. पण चरखा वर्षभर तयार आहे आणि बाई काही येत नाहीत! आज कंबर दुखते, उद्या पाहुणे."

"दिसायला कशा आहेत?" धाकटीने विचारलं, जरी तिला कळलं होतं.

"उंच. हनुवटीवर तीळ. बोलायला एकदम गोड."

सुतावरून स्वर्ग गाठू नये म्हणतात. धाकटीने सुतावरून नेमका उलटा पल्ला गाठला. ती न विचारताच त्या चरख्यापुढे बसली. डाव्या हातात मूठ आली, उजव्या हातातून धागा निघाला, आणि निघतच राहिला. सहा वर्षांत न बसलेला हात असा पहिल्या फेऱ्यात बसला. आनंद व्हायला हवा होता. तिला रडू येत होतं.

"हा मी नेते," ती म्हणाली. "त्यांच्याच घरी पोचवते. मी त्यांची जाऊ."

"वा! मग मास्तरांना कळवतो. उद्याच येतील बघा, बाईंना कातताना बघायची त्यांची केव्हाची इच्छा आहे."

घरी आल्यावर तिने चरखा बैठकीत मधोमध ठेवला आणि उशी आणून शिवण उसवली. आत तुटके, गाठाळ, जाड-बारीक धागे होते. एकेक उचलून ती सैल सोडून बघत गेली. सगळे सरळ पिळाचे. थोरलीचं बिघडलेलं सूत. सहा वर्षं ती थोरलीच्या चुकांवर डोकं ठेवून झोपली होती, आणि तिच्या स्वतःच्या सुताच्या शाली गावभर मिरवत होत्या. केसाने गळा कापतात म्हणे. इथे केसही लागला नव्हता, धाकटीनेच कातून दिलेल्या धाग्यावर काम भागलं होतं.

थोरली बाजारातून आली. तिने चरखा पाहिला, उशी पाहिली, आणि पिशवी खाली न ठेवता तशीच उभी राहिली.

"तुमचा चरखा आणलाय, ताई," धाकटी म्हणाली. "बसा ना. कातून दाखवा."

"अगं, मी सांगणारच होते..."

"कधी?"

थोरली खाली बसली, चरख्यापुढे नव्हे, दारातच. "पहिल्या दिवशी मास्तरांनी विचारलं, हे कुणी कातलं? वीस वर्षं त्यांना सूत देत होते, पण असं कधी कुणी विचारलं नव्हतं मला. तोंडातून 'मी' निघून गेलं. मग ते परत गिळता येईना."

"आणि मला दर आठवड्याला 'बसेल, बसेल' म्हणताना? ते बरं गिळता आलं?" धाकटीचा आवाज फाटला. "एखाद्या परक्या बाईने केलं असतं तर मी भांडले असते, ताई. तुमच्याशी कशी भांडू? मला भांडायलासुद्धा तुम्हीच शिकवलंय."

थोरली रडत होती. धाकटीने आजवर ते डोळे शंभरदा पुसले असतील. आज ती जागची हलली नाही.

"उद्या मास्तर येतील," थोरली शेवटी म्हणाली. "चरख्यावर बसा म्हणतील. मी काय सांगू गं त्यांना?"

धाकटी चरख्यापुढे बसली. डाव्या हाताने तिने मूठ धरली.

"सांगा," ती म्हणाली, "हात बसला नाही अजून."