ईस्टरपर्यंतच्या अध्यक्ष

आमच्या राज्याच्या सिनेटमध्ये मी चाळीस वर्षं कामकाजाच्या नोंदी लिहिल्या. नऊ अध्यक्ष पाहिले. त्यातले आठ राज्याच्या इतिहासातले सर्वांत थोर होते. तसं ते स्वतःच सांगायचे. नवव्या विल्मा ऑस्ट्रँडरबाई.

त्या जानेवारीत म्हातारे अध्यक्ष निवृत्त झाले आणि खुर्चीला दोन वारस निघाले: गॅरेट प्रूइट आणि डेल हॉवलंड. पक्ष एक, चर्च एक, पण एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नसत. बहुमतवाल्या पक्षाच्या सत्तावीस जणांनी बंद खोलीत सहा वेळा मतदान केलं. सहाही वेळा तेरा-तेरा, आणि एक चिठ्ठी कोरी.

कोरी चिठ्ठी ऑस्ट्रँडरबाईंची, हे कुणाला सांगावं लागलं नाही. बाई उत्तरेकडच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडच्या विहिरींत शेतातलं खत झिरपून पाणी तान्ह्या बाळांना देण्यालायक राहिलं नव्हतं. विहिरी तपासण्याचं त्यांचं विधेयक नऊ वर्षं समितीत पडून होतं. जो येईल तो अध्यक्ष म्हणायचा, "पुढच्या अधिवेशनात नक्की, विल्मा."

सहाव्या फेरीनंतर प्रूइट डोनटचा खोका घेऊन त्यांच्याकडे आला.

"विल्मा, मत दे. तुझं विधेयक सगळ्यात आधी घेतो बघ."

"डेलही सकाळी हेच म्हणाला. डोनटसुद्धा त्याच दुकानातले होते."

शेवटी कंटाळून कुणीतरी तोडगा काढला. "ईस्टरपर्यंत विल्मालाच बसवू. तोवर तुम्ही दोघं ठरवा. ती काय करणार आहे?"

बाई तिथेच बसल्या होत्या. "बरं," एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कामकाजपत्रिकेवर पहिलंच विधेयक विहिरींचं. प्रूइट आणि हॉवलंड आयुष्यात पहिल्यांदा एकत्र धावत आले.

"अगं, तू तात्पुरती आहेस!" हॉवलंड म्हणाला.

"म्हणून तर घाई करतेय."

समितीच्या खोलीत नऊ वर्षं ते विधेयक दाबणाऱ्या शूरांना भर सभागृहात, नावानिशी, बाळांच्या पाण्याविरुद्ध मत देववेना. विरोधात शून्य मतं पडली. प्रूइटने भाषण केलं, विहिरींवरचं आपलं जुनं प्रेम आठवून रुमालही काढला. बाईंनी निकाल वाचला. मग चष्मा काढून पुसला.

ईस्टर आला. दोघं खुर्ची मागायला गेले.

"देते की," बाई म्हणाल्या. "फक्त दोघांच्या सहीने एकच नाव लिहून आणा."

कागद काही आला नाही. दोघांनी पेन हातात घेतलं असेल, पण दुसऱ्याचं नाव लिहिण्याइतकी राज्यसेवेची तळमळ कुणालाच नव्हती. ईस्टर गेला, नोव्हेंबरातलं थँक्सगिव्हिंग गेलं, प्रूइट आपल्या मतदारसंघात हरला. बाई अकरा वर्षं अध्यक्ष राहिल्या.

निरोपाच्या दिवशी हॉवलंड उठून म्हणाला, "विल्मामधलं नेतृत्व मी पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. तिला खुर्चीत मीच बसवलं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "लिहिलंत ना?"

"शब्दन् शब्द, मॅडम."

"छान. खाली त्यांची सही घ्या."