पाट्यांवरची पांढरी रेघ

पुंजाराम मिस्त्रीच्या दुकानाच्या दारावर एक आडवी सळई होती आणि तिच्यावर तारेने बांधलेले अकरा तुटके पाटे लटकत असत. गाडीच्या आसावर कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या एकावर एक रचलेल्या असतात, ते हे पाटे. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्यावर पाट्यांची कामं करणारे तिघे होते. बाकी दोघांचा पाटा तुटून आपल्याकडे आला की पुंजाराम तो भंगारात टाकत नसे, दारावर टांगत असे. गिऱ्हाईक विचारायचं, "हे कुणाचं काम?" तो नाव सांगत नसे. "माझं न्हाई, एवढं बघून घ्या," म्हणायचा.

त्याची आणखी एक सवय होती. पाटे बसवून झाले की त्यांच्या कडेवर, टोकाजवळ, वरपासून खालपर्यंत पांढऱ्या ऑइलपेंटची एक बारीक रेघ ओढायची. गाडी रस्त्यावर पळाली की पाटे एकमेकांवर सरकतात आणि रेघ प्रत्येक जोडावर तुटते. महिन्याभराने गाडी परत आली की पुंजाराम खाली वाकून रेघ पाहायचा. तुटलेली असली की पाटे काम करतायत. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारी १९७६ च्या तिसऱ्या आठवड्यात एका सरकारी उपविभागाची जीप त्याच्या दारात आली. तिच्या मागे दोन चाकांची छोटी गाडी होती आणि गाडीवर चौदा फुटी पत्र्याची नाव. तलावांतला गाळ मोजायला ही नाव गावोगाव न्यायची. गाडी डावीकडे कलली होती. ड्रायव्हर संपत खाली उतरला. नावेत बसून आलेला कचरू नावाडी नंतर उतरला. तो गोदाकाठचा भोई, रोजंदारीवर, वयाने पुंजारामपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा.

पुंजारामने खाली पाहिलं. दोन्ही बाजूंना चार-चार पातळ पाटे होते, झिजून टोकाशी सुरीसारखे झालेले. डावीकडचा मुख्य पाटा बसला होता.

"सगळेच बदलतो," तो म्हणाला. "सहा-सहा टाकतो, जाड. परत यायचं कामच न्हाई."

कचरू जवळ आला. "मिस्त्री, चारच असू द्या. आन् पातळ. नाव हाय ही, ज्वारीची पोती न्हाईत."

दुकानात तेव्हा ट्रॉलीवाले पाच-सहा जण बसले होते. पुंजारामने त्यांच्याकडे पाहत विचारलं, "अरे, तू पाण्यातला माणूस. पाण्यात खड्डे असतात का रे?"

सगळे हसले. कचरू हसला नाही. "खड्डा लागला की गाडीनं वाकावं लागतं," तो म्हणाला. "गाडी न्हाई वाकली तर नाव वाकती."

"तू वल्हं मार. पाटे मला शिकवू नको."

पुंजारामच्या बापाला गावात नुसती हाक मारून बोलावत, नाव घेत नसत. छप्पन सालच्या धर्मांतरानंतरही बरीच वर्षं तसंच चाललं. पुंजाराम सिकंदराबादला जाऊन काम शिकून आला, दुकान टाकलं, आणि शंभर-शंभर एकरवाले ट्रॉल्या घेऊन दारात येऊन त्याला "मिस्त्री" म्हणू लागले. ते ऐकायला त्याला आवडायचं. कचरूला अरे-तुरे करताना त्याला यातलं काही आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी काम झालं. सहा-सहा पाटे, त्यांच्या टोकांच्या भोकांत नवे बुश, रेघ. मग नेहमीची परीक्षा. नाव उतरवून चार माणसं गाडीच्या सांगाड्यावर चढवली आणि उड्या मारायला लावल्या. गाडी हलली नाही.

"आता हिच्यावर हत्ती बसवा," एक ट्रॉलीवाला म्हणाला. पुंजाराम खूश झाला. त्याने आयुष्यभर चाळीस क्विंटल उसाच्या आणि खडीच्या ट्रॉल्या दुरुस्त केल्या होत्या. ही नाव सगळी मिळून तीन क्विंटलची होती.

नऊ मार्चला मंठ्याच्या पुढच्या एका तलावात नाव सोडली. दोन मोजणीदार आणि कचरू आत होते. पंधरा मिनिटांत पाणी घोट्याला लागलं. कचरूने नाव काठाला आणली. जीव कुणाचा गेला नाही, पण दोन तलावांची मापवही भिजून लगदा झाली. त्या वर्षी आणीबाणीमुळे कचेऱ्यांमध्ये शिस्तीच्या पाट्या लागल्या होत्या. कुणाचं तरी नाव अहवालात येणं भाग होतं.

तीन दिवसांनी उपअभियंता सर्जेराव स्वतः जीपमधून पुंजारामच्या दारात आले. मागे गाडी, गाडीवर नाव. कचरू नावेचा दोर धरून उभा राहिला.

"मिस्त्री, तळाचे बारा रिवेट ढिले झालेत," सर्जेराव म्हणाले. "नावाडी म्हणतो, गाडीच्या हादऱ्यांनी. मी म्हणतो, उतरवताना दगडावर आपटली. तुम्ही काय सांगता?"

पुंजाराम गाडीखाली शिरला. ढिले रिवेट बरोबर आसाच्या वर होते, ओळीने. दगडावर आपटलेली नाव एका जागी पोचते, अशी ओळीने सुटत नाही. त्याने पाट्यांच्या कडेला पाहिलं. रेघ वरपासून खालपर्यंत अखंड होती. मंठ्याचा तो रस्ता, जाऊन-येऊन सव्वाशेच्या वर किलोमीटर, आणि सहातला एकही पाटा केसभर सरकला नव्हता. प्रत्येक खड्डा थेट नावेच्या तळाला बसला होता.

बाहेर पाच-सहा जोडे दिसत होते. गिऱ्हाईक उभं होतं. दारावर अकरा पाटे होते.

"पाटे बराबर हायेत, साहेब," तो आतूनच म्हणाला. "बिलकुल हलले न्हाईत."

"म्हणजे आपटली," सर्जेराव म्हणाले.

"साहेब, मी तिला लेकरावानी उतरवतो," कचरू म्हणाला.

"पुरे आता."

"जरा ग्रीस लावतो," पुंजाराम गाडीखालूनच म्हणाला. त्याने घासलेटचं फडकं घेतलं आणि दोन्ही बाजूंच्या रेघा पुसून काढल्या. हाताला पांढरं लागलं ते पायजम्याला पुसलं. बाहेर आला तेव्हा कचरू त्याच्याकडेच पाहत होता. त्या नजरेत संशय असता तर बरं झालं असतं.

नाव दुसरीकडे रिवेट मारायला गेली. त्याच आठवड्यात कचरूला कामावरून कमी केलं.

पुढचे पंधरा दिवस पुंजारामने एकाही गाडीवर रेघ ओढली नाही. डबा तसाच फळीवर राहिला. कुणी दारावरच्या पाट्यांकडे बोट केलं की तो भट्टीकडे वळायचा.

महिनाअखेरीला संपत जीपचा बुश बदलायला आला.

"कचरू काय करतो?" पुंजारामने विचारलं.

"कालव्यावर खडी फोडून राह्यलाय. हातात वल्हं धरायची सवय, फोड आलेत म्हणे." संपतने बिडी पेटवली. "आधी लई भांडत होता, मी आपटली न्हाई म्हणून. आता म्हणतो, मिस्त्री खोटं बोलायचा माणूस न्हाई. माझ्याच हातून आपटली आसंल, ध्यानात आलं नसंल."

पुंजारामने पाना खाली ठेवला. बुश अर्धा बसला होता.

"काय झालं?" संपत म्हणाला.

"साहेब आज कचेरीत हायेत का?"

सर्जेरावांनी सगळं ऐकून घेतलं. रेघेचं त्यांनी दोनदा समजावून घेतलं.

"त्या दिवशी सांगितलं असतं तर एका ओळीचं काम होतं. आता अहवाल वर गेलाय."

"व्हय."

"मग तेव्हा का नाही बोललात?"

"गिऱ्हाईक उभं होतं."

सर्जेरावांनी टेबलाचा खण उघडला. कोरा कागद पुढे केला. पुंजाराम चौथी शिकलेला होता. त्याला अर्धा तास लागला आणि सात ओळी झाल्या. सर्जेराव सहाव्या ओळीवर थांबले. रेघ मी पुसली, असं तिथे होतं.

"हे लिहायची गरज नव्हती."

"हाय," पुंजाराम म्हणाला.

उपविभागाचं काम यापुढे तुम्हाला मिळणार नाही, असं सर्जेरावांनी सरळ सांगितलं. मात्र ही गाडी आधी नीट करून द्यायची. कचरूला त्यांनी सोळा एप्रिलपासून परत घेतलं, रोजंदारीवरच.

सतरा तारखेला जीप आली. दुकानात नेहमीचे ट्रॉलीवाले होते. पुंजारामने त्यांच्यादेखत दोन्ही बाजूंचे दोन-दोन पाटे काढले आणि कचरूला म्हणाला, "काका, दाबून बघा."

"कचरूच म्हणा," तो म्हणाला. "सवय हाय." त्याने तळहात गाडीच्या मागच्या आडव्या पट्टीवर ठेवून भार दिला. मान हलवली. "आजून एक काढा."

पुंजारामने दोन्ही बाजूंचा एकेक काढला. कचरूने पुन्हा दाबलं. गाडी दोन बोटं खाली गेली आणि वर आली.

"एवढ्यावर चालंल."

कुणी हसलं नाही. एकाने विचारलं, "मिस्त्री, तीन पाट्यांवर?" पुंजारामने हात पुसले. फळीवरून डबा काढला, झाकणावरची साय मोडली आणि रेघ ओढली. मग कचरूला खाली बोलावलं आणि रेघ कशासाठी असते ते सांगितलं. मागच्या खेपेची रेघ आपणच कशी पुसली तेही सांगितलं, बाकीच्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात. कचरू उकिडवा बसून ऐकत राहिला. चहा मागवलेला होता. तो त्याने घेतला नाही.

काढलेल्या सहा पाट्यांतला एक पुंजारामने सळईवर टांगला. तो तुटका नव्हता, त्यामुळे सगळ्यांत लांब दिसत होता.

चार दिवसांनी मंठ्याहून परतताना जीप दुकानासमोर थांबली. पुंजाराम बाहेर येण्याआधी कचरू नावेतून उतरून खाली वाकला होता. रेघ दोन्ही जोडांवर तुटून तीन तुकडे झाले होते, पाव-पाव इंच सरकलेले.

"तुटली," कचरू म्हणाला.

"नाव?"

"कोरडी हाय."

तो परत नावेत चढून बसला. संपतने जीप सुरू केली. पुंजाराम रस्त्यावर तसाच उभा राहिला. मागे दुकानातून एक नवं गिऱ्हाईक वर पाहत विचारत होतं, "मिस्त्री, हा लांबडा कुणाचा?"

"माझा," पुंजाराम म्हणाला आणि आत गेला.