गौराबाईचं नाक

हर्नियाच्या ऑपरेशनला नांदेडला गेलेली सून सहाव्या दिवशी घरी आली, ती पार कमरेत वाकून. गाडीतून उतरताना तिने एका हाताने नवऱ्याचा खांदा धरला होता आणि दुसऱ्या हाताने गाऊनच्या आत काहीतरी सांभाळलं होतं. उंबऱ्यात उभ्या असलेल्या गौराबाईने सुनेवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं आणि तेवढ्या वेळात जे पाहायचं ते पाहून घेतलं. गाऊनखालून दोन बारीक नळ्या निघाल्या होत्या आणि प्रत्येक नळीच्या टोकाला एक लहानशी बाटली होती. बाटल्यांत तांबूस पाणी साचलेलं होतं.

हर्नियाला नळ्या? गौराबाईच्या दिराचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. तो गडी तिसऱ्या दिवशी ताठ चालत दुकानात आला होता आणि त्याच्या पोटावर चार बोटांची खूण होती, बस. ही शिवरंजनी तर अशी वाकली होती, जणू पोटातलं निम्मं सामान कुणी काढून घेतलं.

आता गौराबाई कोण हे सांगितलं पाहिजे. ताडकळसच्या बाजारपेठेत मन्मथअप्पाचं किराणा आणि भुसार दुकान म्हणून जे आहे, ते नावाला मुलाचं, खरं तर या बाईचं. नवरा अकाली गेल्यावर तिने ते चालवलं आणि चालवलं ते नाकाच्या जोरावर. पोत्याचं तोंड सोडायच्या आत ती सांगे, तूर भिजून वाळलेली आहे. चिमूटभर हळद नाकाशी धरून व्यापाऱ्याला तोंडावर चोर म्हणे आणि व्यापारी मुकाट्याने पोतं उचलून नेई. वय चौसष्ट झालं, गुडघे बोलू लागले, एका डोळ्याला मोतीबिंदू झाला, पण नाक शाबूत. त्या नाकाचा तिला गर्व होता, आणि का नसावा?

गेल्या वैशाखातलीच गोष्ट. सकाळच्या पूजेला बसली असता तिला वास आला. मेलेल्या जिवाचा, कुजका, गोडसर. देवघराला लागून कोठीघर, तेव्हा उंदीरच मेला असणार. गौराबाईने जाहीर केलं, उंदीर सापडल्याशिवाय आज या घरात कुणी जेवायचं नाही. ज्वारीच्या, गव्हाच्या पत्र्याच्या कोठ्या सरकवल्या, पोती हलवली, शिवरंजनी घामाने निथळत सासूच्या बरोबरीने राबली. दुपारी तीनच्या सुमारास तीच मागच्या दारातून येऊन म्हणाली, "सापडला, आत्याबाई. कोठीच्या मागं व्हता. उकिरड्यावर टाकून आले. आंगूळ करते आन् वाढते." संध्याकाळपर्यंत वास गेला. पुढे महिनाभर गौराबाईने ही हकीकत दुकानात येईल त्याला ऐकवली.

तर असं हे नाक, आणि त्याला आता घरात काहीतरी काळंबेरं असल्याचा वास येत होता.

पहिल्याच संध्याकाळी तिला दिसलं की सुनेच्या गळ्यातलं इष्टलिंग दंडावर बांधलेलं आहे. घर लिंगायत. लिंग अंगावरून उतरवायचं नाही, आणि काही कारणाने उतरवावं लागलंच तर कुणाच्या तरी तळहातावर राहील, भुईला टेकणार नाही, हा या घराचा दंडक.

"गळ्यातलं दंडावर कामून गं?"

"ऑपरेशनच्या खोलीत गळ्यात काई ठिवू देत न्हाईत, आत्याबाई. हे कागदं, औषधं बघत पळायले व्हते. आमच्या शंभूनं धरलं व्हतं हातावर. आता मानेला दोरा टोचायलाय म्हणून दंडाला बांधलं."

गौराबाईने यातून लिंग उतरवलं एवढंच ऐकलं आणि तिचं डोकं भडकलं. बाकीचं तिने कानाआड टाकलं. माणूस रागात असला की नेमकं कामाचं तेवढं ऐकत नाही.

मग एकेक गोष्ट तिला खुपू लागली. सून अंग पुसायला खोलीत गेली की आतून कडी. नळ्यांच्या बाटल्या रिकाम्या करायच्या त्या फक्त मन्मथअप्पाने, आणि किती पाणी निघालं ते तो एका वहीत लिहून ठेवी. दवाखान्याची फाईल कपाटात, कपाटाची किल्ली त्याच्या करदोड्याला. "माय, तू नको तरास करून घेऊ," असं तो दहा वेळा म्हणाला. आईला त्रास होऊ नये म्हणून एवढी धडपड करणारा हा मुलगा तिला नवा होता.

आणि हे सगळं आजचं नव्हतं. उंदीर सापडला त्या दिवसानंतर शिवरंजनीने आपला पूजेचा पाट देवघरातून उचलून मागच्या पडवीत नेला होता. लग्न झाल्यापासून चौदा वर्षं सासू-सून शेजारी शेजारी बसून तळहातावर लिंग घेऊन पूजा करत आल्या होत्या. आता विचारलं तर म्हणे, तिथं वारा लागतो.

शेजारच्या पार्वतीबाईने त्या धुमसत्या मनात फुंकर घातली. विळीवर शेपू निवडत ती सहज म्हणाली, "गौराबाई, तुमच्या सुनेचा भाऊ तो पिंगळीचा, त्याच्या किडन्या गेल्यात न्हवं?"

गौराबाईच्या हातातली जुडी हातातच राहिली.

शंभुराज. शिवरंजनीचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपासून आठवड्यातून दोनदा परभणीला मशीनवर पडून रक्त साफ करून घेत होता. मागे त्याच्यासाठी घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या होत्या. शिवरंजनीला डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं होतं, वजन अठ्ठ्याण्णव किलो आणि त्यात साखर. तेव्हा गौराबाईने देवापुढे नारळ फोडला होता, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यानंतरच तर सून चालायला लागली! पहाटे उठून पूर्णा रस्त्याने पाच-पाच किलोमीटर. भात बंद, साखर बंद, अर्धी भाकरी आणि वाटीभर वरण. दीड वर्षात सदतीस किलो उतरले, साखरेच्या गोळ्याही सुटल्या. गावातल्या बायका कौतुक करत आणि गौराबाईला वाटे, पोरीला कसली हौस आली. आता तिला सगळा हिशोब लागला. हौस कसली? भावाला किडनी द्यायची म्हणून ही बाई स्वतःला लायक करत होती. आणि देऊन मोकळी झाली. कुणाला न विचारता, न सांगता, वर हर्नियाचं नाव सांगून.

त्या विचाराने तिला आधी संताप आला आणि मग भीती वाटली. भीती जास्त होती. एका किडनीवरची सून, पदरात दोन लहान लेकरं, आणि साखर उद्या परत आली तर? पण भीती बोलून दाखवायची सवय तिला नव्हती, म्हणून तिने संतापच पुढे केला. मनाशी ठरवलं की ज्या सुनेने घराला एवढं फसवलं तिने आपल्या माहेरी राहावं. चौदा वर्षांचा संसार असो की चाळीस वर्षांचा.

नवव्या दिवशी गावचा बाजार होता. बाजाराच्या दिवशी गौराबाई गल्ल्यावर नाही असं आजवर घडलं नव्हतं. त्या दिवशी तिने नोकराला बसवलं, मन्मथअप्पाला घरी बोलावून घेतलं आणि 'अक्काला भेटून जा' म्हणून शंभुराजलाही निरोप धाडला. तो आला, बहिणीच्या खाटेजवळ टेकला, पाण्याचा तांब्या तोंडाला लावणार तोच गौराबाई म्हणाली,

"शंभुराज, सदरा वर कर."

"आँ?"

"पोट दाखीव म्हणलं."

"माय, हे काय लावलंस?" मन्मथअप्पा उठला.

"तू गप बैस. आज एक तर या घरात खरं बोललं जाईल, न्हाई तर ही शंभूसंगं पिंगळीला जाईल." गौराबाईचा आवाज चढला तसा फाटलाही. "अंगातला तुकडा काढून देताना एका शब्दानं इचारावं वाटलं न्हाई? आमी कुणीच न्हाई का तुजे? उद्या तुला काई झालं तर माज्या नातवंडांनी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?"

शंभुराजला आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा तो हसला, पण ते हसू लगेच विरलं. त्याने सदरा गळ्यापर्यंत वर केला. पोट कोरं होतं. डाव्या हातावर तेवढी मशीनच्या सुयांनी फुगलेली शीर होती.

"मावशी, उद्या परत मशीनवर जायचंय मला. किडनी बसली असती तर कशाला गेलो असतो?" तो म्हणाला. "आन् किडनी घ्यायची तर मला बी टेबलावर झोपावं लागलं असतं. मग अक्काचं लिंग कुणाच्या हातात व्हतं? चार तास. डावा हात ठणकायला लागला की उजव्यात घ्यायचो. भुईला टेकू द्यायचं न्हाई म्हणून पाय बी लांब केले न्हाईत."

गौराबाई उभीच राहिली. हे तिला पहिल्या संध्याकाळी सांगितलं होतं. लिंग धरणारा माणूस बाहेर बसलेला असतो, आत टेबलावर नव्हे, एवढी साधी गोष्ट. आणि तळहातावर लिंग घेऊन साठ वर्षं बसणाऱ्या बाईला ती कळली नव्हती. तिला शरम वाटली. पण हार मानेल तर ती गौराबाई कसली.

"मग ह्या नळ्या कशाच्या? काय काढलं पोटातलं?"

"पोटातलं काईच न्हाई," शिवरंजनी म्हणाली. "पोटावरलं कातडं काढलं."

तिने गाऊन वर केला आणि पोटाचा रुंद पट्टा सोडला. या कुशीपासून त्या कुशीपर्यंत, ओटीपोटावरून गेलेली लांबच लांब शिवण. बेंबीभोवतीही टाके. पोट सपाट, सुजलेलं, निळंजांभळं.

"कातडं?" गौराबाईला पटेना. "अंगावरलं चांगलं कातडं कापून घेतलं? मिरवायला? दोन लेकरांची माय तू!"

"चांगलं न्हवतं, आत्याबाई." शिवरंजनी सासूकडे न पाहता बोलत होती. "वजन उतरलं पर कातडं तसंच राह्यलं. रिकाम्या पोत्यावाणी मांडीवर लोंबायचं. त्याच्या घडीत घाम साचायचा. पावडर लावली, मलम लावलं, सुती चिंध्या ठिवून पाह्यल्या. उन्हाळ्यात आतून फुटायचं. पू यायचा, वास यायचा. डॉक्टर म्हणले, काढल्याबिगर हे थांबायचं न्हाई. तुमाला काय सांगणार? तुमच्या शेजारी पूजेला बसायचं बी भ्या वाटायचं."

"भ्या? माजं?"

"तुमच्या नाकाचं."

बाहेर बाजारातला कालवा ऐकू येत होता. गौराबाई खाटेच्या कडेला बसली. तिची नजर उघड्या दारातून कोठीघराकडे गेली आणि पत्र्याच्या कोठ्यांवर थांबली.

"त्यो उंदीर," ती हळू आवाजात म्हणाली, "केवढा व्हता गं?"

शिवरंजनीने मान खाली घातली.

"काळा व्हता का भुरका? सांग की. तूच टाकून आलीस न्हवं उकिरड्यावर?"

"न्हवताच, आत्याबाई."

मन्मथअप्पाने तोंड फिरवलं.

"तुमी म्हणलात, सापडल्याबिगर कुणी जेवायचं न्हाई," शिवरंजनी म्हणाली. "तीन वाजले. लेकरं उपाशी व्हती, तुमी बी. मग मीच म्हणलं, सापडला. न्हाणीत जाऊन आंगूळ केली, चिंधी बदलली, मलम जास्तीचं लावलं, आन् वाढायला आले."

त्या दिवशी आपण दोन भाकरी खाल्ल्या होत्या हे गौराबाईला आठवलं. वाढणाऱ्या सुनेला ती हसत हसत म्हणाली होती की माझ्या नाकापुढे उंदराची काय कथा. आणि मग महिनाभर, दुकानात येईल त्याला, सुनेच्या देखत. तिने पदर तोंडाला लावला. चौसष्ट वर्षांत ती कुणाची माफी मागायला शिकली नव्हती.

ती उठली. पडवीत गेली. शिवरंजनीचा पाट तिथे भिंतीशी उभा केलेला होता. तो तिने पदराने पुसला, देवघरात आणला आणि आपल्या पाटाला खेटून मांडला. मग न्हाणीघरात जाऊन कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले आणि खाटेपाशी येऊन भुईवर बसली.

"ही बाटली कशी मोकळी करायची, दाखीव मला."

"माय, राहू दे, मी करतो," मन्मथअप्पा पुढे आला. "रक्ताचा वास येतो त्याला."

"येऊ दे," गौराबाई म्हणाली.