अनुसूयेचा अडकित्ता

"श्रीरंग सर, आत्ताच्या आत्ता उमरग्याला फोन लावा!" मी साहेबांच्या टेबलावर कागद आपटला. "रेघ पुन्हा उडालीय!"

चौदा वर्षं मी बंगळूरच्या या वेधशाळेत आहे. लाकडी खोलीतलं यंत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाची रेघ ओढतं, मी रोज सकाळी कागद बदलतो. भूकंपाआधी ही रेघ बिघडते असं काही शास्त्रज्ञ म्हणतात, बाकीचे त्यांना हसतात. मीही हसायचो. गौरी-गणपतीला किल्लारीजवळ बहिणीकडे, अनुसूयेकडे, जाऊन आलो आणि लागोपाठ तीन दिवस रेघ उडाली. मी मेल्याने कागद गुपचूप फायलीला लावले. चौथ्या दिवशी पहाटे घर तिच्यावर कोसळलं.

तिची लेक स्वानंदी वाचली. आता उमरग्याला, आत्याच्या दगडामातीच्या घरात आहे.

"त्या पोरीला तरी बाहेर काढा हो!" मला रडू आवरेना. कॅन्टीनचे अण्णा दाराशी येऊन थबकले.

"उमाकांत, कधी उडाली?" सरांनी विचारलं.

"काल आणि आज. सव्वानऊला."

"आणि तेव्हा?"

मी कागद चाळले. सव्वानऊ. नऊ वीस. सव्वानऊ.

"मधे, भूकंपानंतर तू गावी होतास, तेव्हा रेघ सरळ," सर हळूच म्हणाले. "कागद बदलायला तू किती वाजता जातोस?"

"असलं विचारू नका सर! चौदा वर्षांत लोखंडाची टाचणी आत नेली नाही मी. घड्याळ, किल्ल्या, सगळं बाहेरच्या फळीवर!"

"खिसे रिकामे कर."

रागारागाने केले. रुमाल, बसचा पास, सुपारीची पुडी. आणि अडकित्ता. निघताना अनुसूयेने हातात कोंबला होता. "ने रे दादा, तुझ्या बंगळूरात धड मिळत नाही ना."

सर तो घेऊन आत गेले. बाहेर आले तेव्हा कागदावर तश्शीच उडी होती.

"तुझा काही दोष नाही," त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तो इशारा नव्हताच."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण एक फोन केला असता तर ती वाचली असती, असं म्हणत इतके दिवस मी स्वतःला शिव्या घालत होतो. आता तोही फोन गेला. तिला वाचवणं कधी माझ्या हातात नव्हतंच.

सरांनी लाल पेन घेतलं. काल-आजच्या कागदांवर 'रद्द' लिहिलं. मग ते जुने तीन पुढे ओढले, तसा मी त्यांचा हात धरला.

"यांच्यावर नको, सर. या तीन दिवशी ती जिवंत होती."