निरंक

भिमाजी हवालदाराने कोठडीचं कुलूप काढलं, गजांचं दार पायाने ढकललं आणि पाहुण्याला नवं घर दाखवावं तसा बाजूला उभा राहिला.

"बघून घ्या भाऊ. कोण नाही, काही नाही. रकान्यात मी निरंक टाकून ठेवलंय. तुमची तेवढी सही."

निवृत्ती केदारी उंबऱ्यावरच थबकला. दुपारचे तीन वाजले होते, पण श्रावणातल्या त्या तीनचा काय भरवसा! घाटावरून उतरलेलं धुकं ठाण्याच्या पडवीत शिरून बसलं होतं आणि आतला दिवा भरदुपारी लावलेला होता. लोणावळ्याहून पवनानगरकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचं हे ठाणं. नाव सांगत नाही. सांगून काय, सगळी सारखीच.

वरून नवा हुकूम आला होता. दर महिन्याला गावातली दोन-तीन माणसं न कळवता ठाण्यात येणार, कोठडी बघणार, नोंदवह्या उघडणार आणि छापील कागदावर सही करून जाणार. नागरिक दक्षता समिती असं तिचं भारदस्त नाव. समितीवर तुंगार्लीची वकील अनघा होती, तिला कुणी बोलावलं नव्हतं, ती भांडून आली होती. निवृत्तीचं नाव मात्र ठाण्यानेच पुढे केलं होतं. करणारच! वीस वर्षं त्याची पीठगिरणी ठाण्याच्या समोर होती. पंच हवा असला की रस्त्यापलीकडून हाक यायची, "निवृत्तीभाऊ, एक सही!" की हा लेंग्याला हात पुसून हजर. बऱ्याचदा तेवढेही कष्ट नसायचे, कागदच गिरणीत यायचा. खाली सही करा, वरचं आम्ही भरतो. पंचामुखी परमेश्वर म्हणतात. इथल्या परमेश्वराच्या बोटांना ज्वारीचं पीठ लागलेलं असायचं, एवढंच.

त्याने कधी कागद वाचला नाही. वाचायचा कशाला? साहेब ओळखीचे, चहा फुकट, आणि ठाण्याशी वाकडं घेऊन समोर गिरणी चालवता येते होय? वीस वर्षांत तो ठाणे अंमलदाराच्या टेबलापलीकडे एकदाही गेला नव्हता. कोठडी तो आज पहिल्यांदा पाहत होता.

आणि कोठडीत कोणीतरी बसलं होतं.

मागच्या भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन. निवृत्तीचा हात आपसूक चौकटीवर गेला. भिमाजी खो खो हसला.

"दचकलात ना? मी पण दचकलो होतो, दोन वर्षांपूर्वी बदलून आलो तेव्हा. अहो, ओल आहे ती. दर श्रावणात वर येते. चुना मारून झाला, गेल्या साली वॉटरप्रूफिंग करून झालं. हा आपला येतोच. आमचा कायमचा पाहुणा!"

ओलच होती. जवळ गेलं की चुन्याचे पोपडे दिसत होते, हिरवट बुरशी दिसत होती. पण दोन पावलं मागे सरलं की पुन्हा माणूस. मान डाव्या खांद्यावर कललेली. डावा हात गुडघ्यावर, मूठ मिटलेली.

ही मान आणि ही मूठ निवृत्तीच्या ओळखीची होती. ती त्याने स्वतः रचली होती. गिरणीच्या ओट्यावर बसून, साल-दरसाल थोडी थोडी, मनाने.

नऊ वर्षांपूर्वी आकाश ओव्हाळ धरणाकाठी तंबू लावायच्या कामाला होता. बावीस वर्षांचा. एका पर्यटकाचा फोन हरवला, संध्याकाळी आकाशला जीपमध्ये बसवून नेताना दोघांनी पाहिलं, आणि तिसऱ्या दिवशी धरणाच्या फुगवट्यात त्याचं प्रेत वर आलं. फोन म्हणे पुढे त्या पर्यटकाच्याच गाडीच्या सीटखाली सापडला. ठाणं म्हणालं, आम्ही त्याला आणलंच नाही. नोंदवहीत त्या रात्री कोठडी निरंक होती, म्हणजे आत कुणी नाही. प्रेताच्या पंचनाम्यात लिहिलं होतं की पाण्याकाठी पंचांसमक्ष पाहणी केली, अंगावर कोणतीही जखम दिसून आली नाही. खाली सही निवृत्ती केदारीची.

त्याची आई चिमाबाई. तिला पोराचं तोंड दाखवलंच नाही. पाण्यातलं आहे, बाईमाणसाने बघू नये म्हणाले, आणि बांधून हातात दिलं. पंधराव्या दिवशी ती गिरणीवर आली. तिने कुणाकडून तरी कागद वाचून घेतला होता.

"भाऊ, कागदावर तुमचं नाव हाय. तुमी पाह्यलं न्हवं माज्या आकाशला? कसा दिसत व्हता वो?"

आता अशा वेळी काय बोलायचं? 'बाई, मी इथंच जात्यावर होतो' असं म्हणायला छाती लागते. निवृत्तीकडे ती नव्हती. तो म्हणाला, "झोपल्यागत दिसत व्हता." ती डोळ्यांना पदर लावून गेली. पुढल्या श्रावणात पुन्हा आली, त्याने मान डावीकडे कलती केली. त्याच्या पुढल्या साली मूठ मिटली. दर साली तिला थोडं नवं लागायचं आणि दर साली तो द्यायचा. भात झोडला की ती इंद्रायणीचा पहिला तांदूळ फडक्यात बांधून त्याच्याकडे आणायची. घरात आधी शिजवायची नाही. "तुमी व्हता म्हून," म्हणायची, "माज्या लेकराला शेवटाला मानूस मिळालं." गिरणी पोराच्या हवाली करून निवृत्ती घरी बसला, तर ती घरी यायला लागली. तो तांदूळ त्याच्या घशाखाली उतरत नसे. बायकोला तो सांगायचा, मला तांदूळ बाधतो.

"काका, जरा इकडे येता?"

अनघा बाहेर टेबलाशी कागदांचं जुनं बासन सोडून बसली होती. तिच्यापुढे आकाश ओव्हाळची फाइल उघडी होती. समितीकडे आलेला पहिला अर्ज चिमाबाईचा होता. चार ओळींचा. माझ्या मुलाजवळ शेवटी निवृत्तीभाऊ होते. ते आता समितीत आहेत. त्यांनी काय पाहिलं ते त्यांना विचारावे व लिहून घ्यावे.

"एक गंमत बघा," अनघा म्हणाली, पण तिच्या आवाजात गंमत नव्हती. "अख्खी फाइल धड आहे. फक्त पंचनाम्याच्या या पानाला कसर लागलीय, आणि तीही तुमच्या सहीभोवतीच. कागद खाणारे किडे खळीला, पिठाला येतात ना?"

निवृत्तीने पाहिलं. त्याचं नाव शाबूत होतं. नावाशेजारी अंगठ्याच्या आकाराचं भोक पडलं होतं. ठसा रेषांसकट उमटावा तसं, काठाला बारीक बारीक दातरे.

"यात लिहिलंय की पहाटे सहाला, धरणाकाठी, भर पावसात सही झाली. तिथं पीठ कुठून आलं, काका?"

भिमाजीने खोकल्यासारखं केलं. "मॅडम, भाऊ आपले जुने आहेत. घरचेच."

"म्हणूनच विचारतेय. चिमाबाईंच्या अर्जावर यांचं म्हणणं लागेल. काका, दोनच ओळी. 'पंचनामा बरोबर आहे' म्हणालात तर अर्ज आजच निकालात निघेल. नाही म्हणालात तर मी हे वर तक्रार प्राधिकरणाकडे नेणार, आणि खोट्या सहीचं तुम्हालाही निस्तरावं लागेल. आधीच सांगून ठेवते."

निस्तरण्याची भीती वाटली नाही असं नाही. सत्तरी जवळ आली, या वयात कोर्टाची पायरी कुणाला हवी? पण त्याला अडवत होतं ते दुसरंच. बाहेर पडवीतल्या बाकड्यावर चिमाबाई बसली होती. अर्जाचं काय होतंय ते ऐकायला आली होती, आणि तिच्याजवळ दुनियेत एवढीच एक गोष्ट होती. तीही काढून घ्यायची?

"आलोच," म्हणून तो बाहेर गेला.

धुकं इतकं दाटलं होतं की रस्त्यापलीकडची गिरणी नाहीशी झाली होती. नुसता पट्ट्याचा आवाज येत होता. चिमाबाईने बाकड्यावर सरकून जागा केली.

"बसा भाऊ. जेवला का न्हाई? तोंड का असं उतारलंय?"

तो बसला नाही.

"चिमाबाई, म्या तितं न्हवतो."

"कुटं?"

"पान्यावर. तुमच्या आकाशला म्या पाह्यलंच न्हाई. कागद गिरनीवर आला, कोरा. म्या सही ठोकली. मान, मूठ, ते समदं म्या मनानं सांगितलं. तुमी इचारत गेला, म्या सांगत गेलो."

चिमाबाईने मांडीवरच्या पिशवीचा बंद सोडला. पुन्हा बांधला. ती रडेल, शिव्या देईल, चप्पल काढेल, याची सगळी तयारी त्याने ठेवली होती. मारली असती तर बरं झालं असतं. तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. हिशोब चुकलेल्या माणसासारखी ती नुसती गोंधळली होती.

"मंग भाऊ," ती म्हणाली, "त्याच्यापाशी कोन व्हतं?"

गिरणीचा पट्टा थांबला. निवृत्तीला ती भिंत दिसत होती. आजच्या आधी तो आत कधी गेला नव्हता, त्याने ती ओल जन्मात पाहिली नव्हती, मग ती मान आणि ती मूठ त्याच्या जिभेवर आली कुठून? इतकी वर्षं तो समजत होता की मी रचतोय.

"चला," तो म्हणाला.

भिमाजी आडवा आला. "भाऊ, बाहेरच्या माणसाला आत सोडता येत नाही. तुम्हाला तरी नियम माहीत पाहिजेत."

"त्या समितीबरोबर येतायत," अनघा टेबलावरून म्हणाली. "सोडा आत."

निवृत्तीने चिमाबाईला काही सांगितलं नाही. मागे भिंत आहे, ओल आहे, एक अक्षर नाही. या वेळी आपल्या तोंडून काहीही निघता कामा नये असं त्याला वाटलं. ती दारातून आत गेली, दिव्याखाली थांबली आणि बराच वेळ उभी राहिली. मग डोक्यावरचा पदर नीट केला, पुढे झाली आणि भिंतीशी, त्या आकाराच्या उजव्या अंगाला, टेकून बसली. शेजारी बसावं तशी, थोडी जागा सोडून.

"चुलीपाशी असाच बसायचा ह्यो," ती म्हणाली. "मूठ दाबून. शेंगदानं असायचं मुठीत, भनीला दिसू ने म्हून." तिने हात लांबवून भिंतीवरची मूठ चाचपली. "गार पडलाय की रं. येकलाच व्हतास व्हय रं इतकी सालं?"

भिमाजीने टोपी काढून काखेत धरली. दोन वर्षं तो या ओलीकडे बघून हसत आला होता. आता त्याला तिकडे बघवेना, आणि तो टेबलाकडे वळला.

निवृत्ती अनघासमोर बसला. अर्जाच्या मागच्या बाजूला त्याने दोन ओळी लिहिल्या. मी पंचनाम्याच्या वेळी हजर नव्हतो. कोऱ्या कागदावर सही केली. त्याचं अक्षर लहान पोरासारखं मोठं मोठं आलं. मग त्याने भिमाजीपुढचा समितीचा छापील कागद ओढून घेतला.

"हवालदार, ह्ये निरंक खोडा."

"भाऊ, असं कसं? उद्या साहेब विचारतील. आत धरून आणलेलं कोणी नाहीये हो." भिमाजीचा आवाज खाली गेला होता. "बरं, खोडलं समजा. रकान्यात मग आकडा काय टाकू?"

अनघाने निवृत्तीकडे पाहिलं. निवृत्तीने तोंड उघडलं, पण त्याच्याआधी कोठडीतून आवाज आला. चिमाबाई इकडे बघतही नव्हती.

"येक टाका, दादा."

भिमाजीचं पेन थोडा वेळ कागदावर नुसतं टेकून राहिलं. मग त्याने निरंकवर रेघ ओढली, शेजारी एक लिहिला आणि कागद फिरवून निवृत्तीपुढे केला. निवृत्तीने बोटं सदऱ्याला पुसली. पुसायला त्यांवर काहीच नव्हतं. त्याने कागद दिव्याच्या उजेडात धरला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि सही केली.