घरच्या परिस्थितीविषयी

सोफे दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचा गाळा घराच्या खालीच होता. एका बाजूला कापड काढून स्प्रिंगा उघड्या केलेले सोफे, दुसऱ्या बाजूला फोमचे तुकडे, मधोमध शिलाई मशीन, आणि या सगळ्यातून वाट काढत अखंड बोलणारा तो. गिऱ्हाइकांच्या सोफ्यांच्या फटीत काय काय सापडलं ते तो रोज जेवताना घरच्यांना सांगायचा. चमचे, मोजे, किल्ल्या नेहमीच्याच. एकदा दातांची कवळी निघाली. ती परत करायला तो गेला तर मालक म्हणाले, ही आमची नाही. पण एवढं म्हणताना त्यांनी तोंडावरचा हात काही काढला नाही. ही गोष्ट त्याने बायकोला आणि दोन्ही मुलींना निदान वीस वेळा सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळी धाकटीला हसता हसता ठसका लागला होता.

थोरली कॉलेजात होती, विज्ञान शाखेला. पहिलं वर्ष कसंबसं पार पडलं होतं. दुसऱ्या वर्षाची फी, प्रयोगशाळेचं शुल्क, पुस्तकं यांचं काय करायचं हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. कॉलेजच्या ग्रंथालयामागे विद्यार्थी साहाय्य कक्ष नावाची एक खोली होती. तिथे बसणाऱ्या बाईंना मुलं फॉर्मबाई म्हणत. बाईंना हे ठाऊक होतं आणि त्यांची काही हरकत नव्हती. त्यांनी थोरलीला एका संस्थेच्या शिष्यवृत्तीचा आठ पानी फॉर्म दिला. सात पानं नाव, गुण, दाखले यांची. आठव्यावर एकच ओळ छापलेली होती: ‘आपल्या घरच्या परिस्थितीविषयी लिहा.’

हीच शिष्यवृत्ती आदल्या वर्षी मिळवलेली एक ताई थोरलीच्या ओळखीची होती. काय लिहायचं, असं तिला विचारलं तर ती म्हणाली, वाचणाऱ्याने रुमाल काढला पाहिजे, बस.

थोरलीने मन लावून लिहिलं. सुरुवात बाबांच्या सुईने सोललेल्या बोटांपासून केली. ती खरी होती. पण मग पेनाला वेग आला. बाबांची पाठ वाकली. आईला, जिला वर्षातून फार तर दोनदा सर्दी व्हायची, न संपणारं आजारपण जडलं. धाकटी अर्धपोटी झोपू लागली. शेवटी तिने लिहिलं, ‘आमच्या घरात हसण्याचा आवाज कधी ऐकू येत नाही.’ वाचून पाहताना तिचे स्वतःचेच डोळे भरून आले. त्यावरून तिला वाटलं, जमलंय.

पण प्रत्येक पानावर पालकांची सही हवी होती. बाबा कामात बुडालेले असताना फॉर्म पुढे करायचा, फक्त खालचा कोपरा दाखवायचा आणि उरकून टाकायचं, असा तिचा बेत होता. तो काही साधला नाही. गाळ्याच्या करारावर एकदा न वाचता सही करून बाबांनी चांगलाच धडा घेतला होता. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, ओठ हलवत, सावकाश. आठव्या पानाला सगळ्यात जास्त वेळ लागला. थोरली तोवर फोमच्या तुकड्याचे कण कण करत उभी होती.

बाबांनी आठही सह्या केल्या आणि कागद परत दिले. “अक्षर सुरेख आहे तुझं,” एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून जेवतानाच्या सोफ्याच्या फटींच्या गोष्टी बंद झाल्या. बाबा गप्प बसून धाकटीच्या ताटाकडे बघायचे आणि तिला अजून वाढायची खूण करायचे. तिचं पोट टम्म झालेलं असायचं. आईला दोन शिंका आल्या तर तिला उचलून डॉक्टरकडे नेऊन आणलं. गाळ्यातून घरी जिना चढताना ते पाठ ताठ ठेवून चढू लागले. चौथ्या दिवशी आईने थोरलीला बाजूला घेतलं.

“तुझे बाबा काल मला विचारत होते, आपल्या घरात खरंच कुणी हसत नाही का गं? काय लिहिलंयस तू त्या कागदावर?”

थोरलीने सांगितलं. आई रागावली नाही, पण तिने भांडी जरा जोरात ठेवली.

फॉर्म तोवर कक्षात जमा झाला होता आणि पुढे संस्थेकडे जायला दोन दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी पहिला तास सोडून थोरली फॉर्मबाईंसमोर जाऊन बसली आणि आठवं पान परत मागितलं. बाईंनी कारण विचारलं नाही. त्यांनी ते वाचलेलं होतं. या आठवड्यात आपण चाळीस निबंध वाचले, त्या म्हणाल्या, आणि चाळीसही घरांतल्या आया आजारी आहेत. मग त्यांनी विचारलं की वडील सकाळी गाळा उघडल्यावर आधी काय करतात. थोरली सांगू लागली. जुनं कापड उसवून त्याचाच नमुना कसा करायचा, फुलाफुलांच्या कापडात एका गादीवरचं फूल शेजारच्या गादीवर कसं पुरं झालं पाहिजे, त्यासाठी बाबांनी तिला पाचवीत असताना अपूर्णांक कसे शिकवले. पुढचाही तास बुडाला. बाईंनी कपाटातून कोरं आठवं पान काढून दिलं.

“हे लिही. अडचण असेल ती पण लिही, पण असलेली लिही,” त्या म्हणाल्या. “आणि गणिताची शिकवणी, उसना लॅपटॉप, प्रयोगशाळेचा कोट, हे हवं असेल तर त्याला गोष्ट लागत नाही. उत्पन्नाचा दाखला पुरतो. पहिल्याच वर्षी का नाही मागितलंस?”

असं मागता येतं हेच थोरलीला माहीत नव्हतं.

संध्याकाळी ती गाळ्यात स्टूल ओढून बसली. बाबा बाकदार सुईने एका हातांच्या खुर्चीची कड शिवत होते.

“बाबा, मी खोटं लिहिलं होतं.”

“बोटांचं खरं होतं,” बाबा म्हणाले. चार टाके झाल्यावर त्यांनी विचारलं, “मी असा दिसतो का गं तुला?”

 तिने नाही म्हणून मान हलवली. मग कोरं पान दाखवून म्हणाली की आता खरं लिहायचंय, तुम्ही सांगा. बाबांनी आधी आढेवेढे घेतले, पण बोलायला मिळतंय म्हटल्यावर कळी खुलली. एका सोफ्याला किती दिवस लागतात, असं तिने विचारलं. पूर्वी दोन लागायचे, आता चार, असं सांगून बाबा एकदम थांबले. थोरलीने कोपऱ्याकडे पाहिलं. तिथलं दुसरं, जाड कापडाचं मशीन वर्षापूर्वी दुरुस्तीला म्हणून गेलं होतं. ते परत आलंच नव्हतं, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

“विकलंत?”

बाबा दोरा ओवू लागले. पहिल्या वर्षाची फी त्यातून भरली होती. सांगितलं असतं तर तुझं अभ्यासात लक्ष लागलं नसतं, असं ते खाली मान घालून म्हणाले.

तिने निबंधात रचून इतकं दुःख घातलं होतं, आणि खरं ते या रिकाम्या कोपऱ्यात वर्षभर पडून होतं. मग तिने विचारलं, हे लिहू का?

“लिही. पण ते मशीन घेतलेल्या बाईचं चांगलं चाललंय, तेही लिही. शाळेची दप्तरं शिवते. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, वायाच गेलं.”

थोरलीने लिहिलं. बाबांनी वाचून दोन ठिकाणी दुरुस्ती केली, कारण स्प्रिंगांचे प्रकार तिने चुकवले होते. मग सही केली.

महिन्याभराने मुलाखत झाली. समितीत तिघं होते. त्यातल्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी विचारलं, वडिलांना हा निबंध माहीत आहे का? थोरलीने सांगितलं की त्यांनीच तो तपासलाय. त्यावर तिघंही हसले आणि मग पाऊण तास भौतिकशास्त्राबद्दल विचारत राहिले. एका प्रश्नावर ती साफ अडकली.

शिष्यवृत्ती मिळाली, पण अर्धी. फॉर्मबाईंनी पत्र देताना सांगितलं की उरलेली फी हप्त्यांनी भरायची सोय होईल, आणि गणिताची शिकवणी सोमवारपासून आहे, वेळेवर ये. घरी आई म्हणाली, अर्धी म्हणजे काही थोडी नाही. धाकटीने पत्राला लागलेली टाचणी मागून घेतली. बाबांनी एका खाणावळीच्या चाळीस खुर्च्यांचं काम अंगावर घेतलं, आणि रविवारी हाताखाली येशील का, असं थोरलीला विचारलं. यापूर्वी त्यांनी तिला कामाला कधी बोलावलं नव्हतं, अभ्यास बुडेल म्हणून.

रविवारी ती गाळ्यात गेली. चौकड्यांचं कापड होतं. बाबा एकीकडे बोलत होते, खाणावळीच्या खुर्च्यांच्या फटीत काय काय निघालं ते सांगत होते, आणि ती मापं घेऊन खडूने रेघा ओढत होती. पहिला तुकडा तिने कापून दिला. बाबांनी तो बैठकीवर अंथरला, चौकडी कडेला जुळते का ते वाकून पाहिलं आणि पुढची खुर्ची तिच्याकडे सरकवली.