रुमालाखालचा हात

मला संशयी म्हणतात. म्हणू द्या. बारामतीच्या बाजारात इतकी वर्सं गूळ घालून जो संशयी झाला न्हाय, तो येडा तरी असंल न्हायतर आडत्याचा जावई तरी. सणसरच्या रानात ऊस मी लावायचा, गुऱ्हाळात काहिलीपाशी डोळं मी जाळायचं, ढेपा गाडीत भरून बारामतीला मी न्यायच्या. आन भाव ठरताना मी बाजूला उभा. माझ्याच मालाचा भाव मला ऐकू येत न्हवता.

ज्यांनी ते बघितलं न्हाय त्यांच्यासाठी सांगतो. आडत्या म्हंजे आमचा माल इकून देणारा. तो आन घेणारा व्यापारी समोरासमोर बसायचे, हातात हात घालायचे आन वरनं रुमाल टाकायचे. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबायची. कोणतं बोट, किती येळा, त्यावर भाव. तोंडानं बोलायचं ते हवापाण्याचं. शेवटी रुमाल उचलला की आडत्या आमच्याकडं वळून सांगणार, एवढा एवढा निघाला. खरंच तेवढा निघाला का, ते त्या दोघांना ठावं. शेतकऱ्याचा हात त्या रुमालाखाली कदी जायचा न्हाय. तशी रीतच न्हवती.

छत्तीस सालच्या हिवाळ्यात जोतीरामनं ह्या रुमालावर गावात बोलणं काढलं. जोतीराम माझा बांधशेजारी. पाटाच्या पाण्याची पाळी आली की मी त्याचं पाणी राखायचा, तो माझं. त्याचं म्हणणं साधं हुतं. सणसरचा सगळा गूळ एकजुटीनं न्यायचा, आन जो आडत्या चारचौघांत तोंडानं भाव पुकारंल त्यालाच घालायचा. एकट्यानं मागितलं तर हाकलून देतील, सबंध गावाला कोण हाकलतंय?

महादेवाच्या देवळात बैठक बसली. पहिल्या बैठकीत कुणी हूं की चूं केलं न्हाय. सगळे चंची सोडून पान खात बसले, आन कोण कुणाचा माणूस हाय ते डोळ्यांनी चाचपत राह्यले. दुसऱ्या बैठकीला मात्र तोंडं सुटली. ज्याला त्याला आपापल्या ढेपा आठवल्या. आपल्याला कमी भाव सांगून शेजारच्या गावाला चढा दिला, हे परत्येकाला वर्सानुवर्सं वाटत हुतं, पन उघड बोललं कुणी न्हवतं. बोलणं एकदा असं वाहायला लागलं की बांध घालणं अवघड. सर्जेराव पाटील बैठकीचे म्होरके. त्यांच्या मनातलं कदी कळायचं न्हाय, आन बारामतीत त्यांची गाडी मोहनराव आडत्याच्या दारातच सुटायची, म्हणून मला त्यांचाबी संशय. पन सर्जेरावसुद्धा म्हणाले, सोमवारी बेलभंडार उचलू. देवाम्होरं बेलभंडार उचलून शब्द दिला की तो मोडायची कुणाची छाती न्हाय. म्हंजे सोमवारी गाव बांधलं जाणार हुतं.

मधल्या बाजाराच्या दिवशी मी बारामतीला गेलो हुतो. मोहनरावच्या पेढीम्होरनं जाताना बघितलं आन पाय तितंच थांबले. जोतीराम पेढीच्या पायरीवर बसलेला. त्याचा उजवा हात मोहनरावच्या हातात, आन वरनं रुमाल.

डोक्यात एकदम लखलख झालं. शेतकऱ्याचा हात रुमालाखाली? म्हंजे ह्यानं आपल्यापुरतं ठरवून घेतलं. गावाला पुढं घालायचं, आडत्याला भ्या दाखवायचं, आन रुमालाखाली आपला भाव वाढवून घ्यायचा. मग मागचं सगळं मला नव्यानं दिसायला लागलं. एवढं बोलायला हा शिकला कुठं? गेल्या साली ह्याला नवी बैलजोडी आली कुठनं? सासऱ्यानं दिली हुती, मला ठावं हुतं, पन संशयाला ठावं असलेलं नको असतं.

सोमवारी देऊळ भरलं. गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ताट मांडलेलं, त्यात बेलाची पानं आन भंडारा. जोतीराम उभा राहून शांतपणी बोलत हुता. माणसं माना हलवत हुती. सर्जेरावांनी ताटाकडं हात केला, आन मी उठलो.

म्हणालो, "बेलभंडार उचलायच्या आधी जोतीरामनं एक सांगावं. परवा मोहनरावच्या रुमालाखाली ह्याचा हात काय करत हुता?"

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. जोतीरामचं तोंड उतरलं. त्यानं खरं तेच सांगितलं: मोहनरावनं वाटेत हाक मारली, हात ओढून घेतला, वरनं रुमाल टाकला. बोट एकबी दाबलं न्हाय. उसाला पाणी कसं हाय ते इचारलं आन हात सोडला.

"रुमालाखाली उसाची चौकशी?" मागनं कुणीतरी म्हणालं, आन सभेत हशा पिकला की हो. हसण्यानं माणूस जेवढा पडतो तेवढा शिव्यांनी न्हाय पडत. जोतीराम बोलायला गेला की कुणीतरी हाताची बोटं दाबून दाखवायचं. मग ज्यांनी आदल्या बैठकीत सगळ्यात म्होरं होऊन मोहनरावचं वाभाडं काढलं, तेच म्हणायला लागले की आपलं जुनं हाय ते काय वाईट हाय. सर्जेरावांनी ताट उचलून गुरवाच्या हातात दिलं. पुन्हा कदी बघू, म्हणाले. माणसं जोडं घालून घरी गेली.

त्या दिवसापासनं जोतीरामच्या शब्दाला गावात काडीची किंमत राह्यली न्हाय. त्याच्या गुऱ्हाळावर कुणी काकवी खायला फिरकंना. बारामतीला गाड्या निघायच्या तवा त्याची एकटी मागं. त्याची बायको दगडाबाई पाणवठ्यावर आली की बायका बोलायच्या थांबायच्या. मला काय त्याचं वाईट वाटलं न्हाय, खोटं कशाला बोलू? मी गावाला फसण्यातनं वाचवलं, असं मी चार ठिकाणी सांगितलंबी.

म्हैना गेला. माझा गूळ निघाला. सोन्यासारखा पिवळा, खडा टणक. बारामतीला नेला आन मोहनरावनं रुमाल उचलून जो भाव सांगितला तो ऐकून माझं टाळकं सणकलं. मी पेढीम्होरं उभा राहून वरडायला लागलो. असला गूळ अख्ख्या पेठेत दाखवा, म्हटलं, आन काय भाव मिळाला ते त्या व्यापाऱ्यानं माझ्यादेखत तोंडानं सांगावं. माणसं गोळा झाली. वरकुट्याचे चौघं शेतकरी हुते, सुप्याचे हुते. एकजण म्हणाला, ह्याचं बरोबर हाय. दुसऱ्यानं री ओढली. मला वाटलं, आज काय तरी हुतंय.

तेवढ्यात मोहनराव पायरी उतरून आला. तोंडावर हसू. "कुंडलिकराव, तापताय कशाला?" म्हणाला, माझा हात हातात घेतला आन झटक्यात वरनं रुमाल टाकला. मी वाट बघितली. आता बोट दाबंल, मग दाबंल. त्याचा हात नुसता माझ्या हाताला लागून राह्यलेला, गार. तोंडानं इचारत हुता, पोरंबाळं कशी हायत, बैलं कशी हायत. आन डोळं माझ्याकडं न्हवतंच. माझ्या खांद्यावरनं तो माणसांकडं बघत हुता.

मी वळून बघितलं. वरकुट्याचे चौघं एकमेकांना डोळ्यांनी खुणावत निघाले हुते. सुप्याचा एकजण थुंकला. मोहनरावनं हात सोडला आन रुमाल घडी करून खांद्यावर टाकला. मला जोतीरामचं त्या सोमवारचं उतरलेलं तोंड दिसलं. एखाद्या देवळाच्या पायरीवर बसून रडावं असं वाटलं.

गावात येऊन मी सर्जेरावांना म्हटलं, बैठक बोलवा. कशाला, इचारलं. म्हटलं, बोलवा तर खरं. माणसं आली, निम्मीच. मी उभा राह्यलो, आन बारामतीत घडलं ते सगळं सांगितलं. जोतीराम खरा हुता, चूक माझी, असं मारुतीला सांगावं तसं हात जोडून सांगितलं. बेलभंडार आत्ता मांडा, म्हटलं.

सर्जेरावांनी पान लावून तोंडात घातलं. मग हळूच म्हणाले, "म्हंजे तुजाबी हात गेला म्हणायचा."

पुन्हा हसले लोक. जे मी जोतीरामचं मानलं न्हाय, ते माझं कोण मानणार? तेवढ्यात जोतीराम उठला. तो दाराशी, जोड्यांपाशी बसलेला हुता. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तो बैठकीत बोलला. "कुंडलिक बोलतोय ते खरं हाय," म्हणाला.

त्यानं तर घातच झाला. दोघांचे हात रुमालात गेले, आन आता दोघं एकमेकांची साक्ष देतायत. उठवा बैठक, म्हणाले, आन माणसं उठली. त्या सालचा सणसरचा सगळा गूळ रुमालाखालीच गेला.

मी आन जोतीराम रानाकडं चाललो. पाटाच्या पुलावर तो थांबला. रागावलेला न्हवता, तेच मला जड गेलं.

"कुंडलिक," म्हणाला, "त्या बाजाराच्या दिवशी आपण दोघं एकाच गाडीतनं घरी आलो. सहा कोस. गाडीत मला का न्हाय इचारलंस?"

हे तुमाला मी मघाशी सांगितलं न्हाय. सांगवलं न्हाय. त्यानं माझ्याकडची तंबाखू खाल्ली हुती त्या वाटंनं, आन मी गप बसून हुतो. इचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, आन मला ते पटलंबी असतं. मग सोमवारी उठून बोलायला माझ्याजवळ काय राह्यलं असतं? जन्मात पहिल्यांदा सगळं गाव माझ्या तोंडाकडं बघत हुतं. गोड लागलं मला ते.

"ध्यानात आलं न्हाय," मी म्हणालो.

जोतीराम "बरं" म्हणाला आन आपल्या बांधाकडं वळला.